वानखेडे साहेबांचा पासवर्ड

कळमेश्वर, मे १९८८

टर्मिनलवाल्यांनो, आजचा तमाशा ऐका.

आपले संगणक-प्रमुख वानखेडे साहेब. गेल्या आठवड्यात काढून टाकलं, तर जाताना मशीनचा मुख्य पासवर्ड बदलून गेले. "माझे पाय धरत याल," म्हणाले.

आज सकाळी मी मशीन बंद केलं आणि सिंगल-युजर मोडमध्ये, म्हणजे एकट्यानं दुरुस्ती करायच्या पद्धतीत, चालू केलं. कोणतं शेल, म्हणजे हुकूम घेणारा प्रोग्राम, हवं, एवढंच मशीननं विचारलं. मी काहीही न लिहिता एन्टर दाबलं. पासवर्ड न मागताच साधं शेल उघडलं. मी नवा पासवर्ड टाकला.

तरी गंमत पाहायला मॅनेजरनी साहेबांना महाल भागातल्या घरून बोलावलं. कडक इस्त्रीत आले, नोकरी परत मागितली.

"देली. टाका पासवर्ड," मॅनेजर म्हणाले.

टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा. सगळे हसले, मीपण.

साहेबांनी हळूच विचारलं, "कोणतं शेल देलं गा तू?"

"काहीच नाही, साहेब. नुसतं एन्टर. तुम्हीच तर शिकवलं होतं मले."

उद्यापासून त्यांची खुर्ची माझी. आता मशीनपाशी जाऊन करायची ही युक्ती तुम्हालाही कळली, म्हणून मशीनच्या खोलीला आजच नवं कुलूप लावलं. तुम्ही नसतं लावलं काय?