टाके घातलेला मागूर

मागूर मासा ओल्या स्पंजवर उताणा पडला होता आणि वर्षा त्याच्या पोटाला टाके घालत होती. मी टॉर्च धरून उभा होतो. उतई रोडवरच्या त्या माशांच्या हॅचरीत मी तिला सीनियर होतो.

आधी अडचण सांगतो. देशी मागूर आमच्याकडच्या धानाच्या बांध्यांतून, डबऱ्यांतून जवळजवळ नाहीसा झालाय. त्याची पैदास करायची तर मादीला हॉर्मोनचं इंजेक्शन द्यायचं आणि पोट हलकेच दाबायचं, की अंडी येतात. नर मात्र दाबून काही देत नाही. त्याला मारून पोटातलं वृषण काढावं लागतं. म्हणजे जो वाचवायचा, त्यालाच दर हंगामात कापायचं. त्या वर्षी खात्रीचा देशी नर आमच्याकडे एकच होता.

वर्षा परदेशातून स्टर्जनचं ट्रेनिंग घेऊन आली होती. स्टर्जन हा थंड नद्यांतला, पाठीवर हाडांच्या ढाली असलेला पुरातन मासा. त्याच्या अंड्यांपायी लोकांनी त्याला संपवत आणलं. तो वयात यायलाच बरीच वर्षं घेतो. म्हणून आता मादीला न मारता लहानशी चीर देऊन अंडी काढतात आणि टाके घालून सोडून देतात. वर्षाचं म्हणणं, आपल्या मागूरच्या नरालाही तसंच करू. वृषणाचा तुकडा काढू, बाकीचं आत राहू देऊ.

त्या ट्रेनिंगसाठी माझा अर्ज तिच्या आधीचा होता. हॅचरीचे साहेब म्हणाले होते, "अरे, इस उमर में आप कहाँ ठंड में जाओगे?" परतल्यावर वर्षानं सगळ्यांना चॉकलेटं वाटली. मी माझं खिशात ठेवलं आणि वितळू दिलं.

शेवटचा टाका झाला. साहेब दारातूनच म्हणाले, "वाह वर्षा! अपने यहाँ पहली बार!" मग माझ्याकडे बघून, "आप टॉर्च ठीक से पकड़िए."

"दादा, टँकमध्ये पाणी किती ठेवू?" वर्षानं विचारलं. ती मोहन नगरची, रेल्वेवाल्यांची पोर. मला दादाच म्हणायची.

मागूर नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही. एअरेटरनं पाण्यात कितीही हवा सोडा, त्याला अधूनमधून वर येऊन हवा गिळावीच लागते. भूल उतरत असताना वर पोहायचं बळ त्याच्यात नसतं. हे मला माहीत होतं. वर्षानंही वाचलं असणार, पण त्या घाईत तिच्या डोक्यात स्टर्जनच होता.

"तुह्या स्टर्जनले किती ठेवत होते?"

"फुल टँक. और एअरेशन जोरात."

"मंग तसंच ठेव. ट्रेनिंग तू करून आली, मी नाही."

ती खूश होऊन हसली. तिला ते कौतुक वाटलं. तिनं नळ सोडला, मी जेवायला गेलो. डबा पूर्ण खाल्ला, हेही लिहून टाकतो.

परत आलो तेव्हा मागूर तळाशी होता. मासा बुडून मेला म्हटलं की लोक हसतात. वर्षा रडत होती.

"कावून मेला, दादा? माह्या हातून आत काही कापलं गेलं का?"

"होते असं. पहिलाच होता."

साहेबांनी प्रयोग बंद केला. पुढच्या हंगामात जे नर मिळाले, ते मारले. ते काम पुन्हा माझ्याकडे आलं. वर्षानं नंतर चाकू धरला नाही. पाण्याचे सँपल तपासत राहिली.

यंदा मी तिला सगळं सांगितलं. गेटबाहेरच्या टपरीवर, चहा यायच्या आत. चहा आला असता तर पुन्हा राहिलं असतं. तिनं आधी टाक्यांचंच विचारलं.

"टाके धरले होते?"

"धरले होते. मी पोट उघडून पाहिलं. आत रक्ताचा थेंब नव्हता."

"तवाच पाहिलं होतं?"

"तवाच."

चहा आला. तिनं घेतला नाही. उठता उठता म्हणाली, "येत्या हंगामातला पहिला नर माझा. पाणी मीच पाहीन, सर."

धडा छोटा आहे. भूल उतरेपर्यंत मागूरला पाठ जेमतेम बुडेल एवढंच पाणी द्यावं. आणि कोणी विचारलं, तर सांगावं.