स्पॅनिश आजी ‘मले’ म्हणाली

मंडळी, आज सेलूतल्या आमच्या शाळेत एक स्पॅनिश आजी चक्क वऱ्हाडीत बोलली!

शनिवारची सकाळची शाळा सुटली की आम्ही शिक्षक मिळून पुस्तक वाचतो. आज स्पेनमधल्या एका आजच्या लेखिकेच्या कादंबरीचा मराठी अनुवाद होता. हुकूमशाहीच्या काळात तिथे काही भागांत मुलं शाळेत स्पॅनिश सोडून आपली घरची भाषा बोलली की मार खायची. कादंबरीतली आजी म्हातारपणी नातीला ते सांगते.

छापलं होतं, “मला माझ्या भाषेत रडायचीही भीती वाटायची.” वाचणाऱ्या वर्षाताई इतक्या रंगल्या की म्हणाल्या, “मले माह्या भाषेत रडाचं बी भेव वाटे.”

सगळे हसले.

“काऊन हासता?” ताई चिडल्या. “बुढी नातीसंग बोलून राह्यली ना? मंग घरच्यावानीच बोलन!”

पटलंच. स्पेनमधल्या अशा लेखकांचं मला फार कौतुक वाटतं. आपल्याच देशानं आपल्याच लेकरांचं काय केलं, हे ते न लपवता लिहितात, आणि तरी देशावरची माया सुटत नाही.

इतक्यात माझ्या शेजारच्या सुनंदाताईंनी तेच वाक्य गोंडीत म्हटलं. त्यांच्या घरची भाषा. स्टाफरूममध्ये इतकी वर्षं आमच्या खुर्च्या शेजारी, पण मी ती आज पहिल्यांदा ऐकली.

“ताई, कधी बोलल्या नाही?”

“कोणी इचारलंच नाई.”

तुमच्या शेजारच्या खुर्चीत कोणती भाषा गप्प बसली आहे, विचारलंय कधी?