आक्षेपार्ह मजकूर

‘आक्षेपार्ह मजकूर’ हे दोन शब्द मला एकदा कोर्टाच्या आवारात खड्डा खणून पुरायचे आहेत. सोलापुरात सरकारी वकील म्हणून इतकी वर्षं काढली, पण या दोन शब्दांनी जेवढा छळ केला तेवढा एकाही आरोपीनं केला नाही.

आपल्या शहरात बेने इस्रायली, म्हणजे घरीदारी मराठी बोलणारे ज्यू, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यांचं दोन खोल्यांचं प्रार्थनाघर आहे. किल्ली पंच्याहत्तरी ओलांडलेल्या एका निवृत्त नर्सकडे असते. गल्ली त्यांना सिस्टरबाई म्हणते, कारण निम्मी गल्ली त्यांच्या हातावर जन्मली. दर शुक्रवारी दिवस मावळायच्या आत त्या येतात, चौकटीवरच्या धर्मवचनाच्या छोट्या डबीला बोटं लावून ओठांना टेकवतात आणि आत तेलाचा दिवा लावतात.

एका शुक्रवारी पहाटे दोन तरुणांनी तिथल्या दाराभिंतीवर स्प्रेनं लिहिलं, व्हिडिओ काढला आणि मोबाईलवरच्या एका ग्रुपात टाकला. देशोदेशीची डोकं फिरलेली मंडळी त्या ग्रुपात ज्यूंविरुद्ध रोज नवं विष ओकायची. या दोघांनी उभ्या आयुष्यात ज्यू माणूस पाहिला नव्हता. दहा मिनिटांवर राहात होते, तरी प्रार्थनाघर सापडलं ते मोबाईलच्या नकाशात!

त्यानंतर गल्लीनं जे केलं, ते आठवलं की अजून माझं डोकं उठतं. समोर राहणारा एकजण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला आहे. तो सकाळी उठला, भिंत वाचली आणि त्यानं सरळ चुना कालवला. दार पॉलिश पेपरनं घासलं. चौकटीवरची डबी थिनरच्या बोळ्यानं हलक्या हातानं पुसली. तिथं पडलेला स्प्रेचा डबा घंटागाडीत टाकला. चौघा-पाचजणांनी फोटो काढले होते, तेही त्यांच्यासमोर उभं राहून पुसायला लावले. व्हिडिओ फिरत फिरत पोलिसांपर्यंत पोचला आणि दुसऱ्या दिवशी ते पंचनाम्याला आले, तेव्हा भिंत दिवाळीला रंगवावी तशी पांढरीशुभ्र. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

“अहो, पुरावा होता तो!” मी त्याच्यावर ओरडलेच.

“सिस्टरबाई सांजच्याला दिवा लावाय येनार की मॅडम. त्यास्नी ती घान दावायची व्हय?”

त्याला हात जोडावेत की दोन लगावाव्यात, हेच मला कळेना.

आरोपींच्या वकिलाचं म्हणणं एकच. व्हिडिओतली अक्षरं दिसतात, पण अंधारातली भिंत कुठलीही असू शकते. बाकी गल्लीनं व्हिडिओ पाहिलेला, पण चुना लावणाऱ्या आमच्या या साक्षीदारानं पाहिलेला नव्हता. त्यानं कोर्टात तेच शब्द सांगितले, की भिंत तीच हे पक्कं होणार होतं. पण जबाबात पोलिसांनी लिहून ठेवलेलं, ‘भिंतीवर आक्षेपार्ह मजकूर होता.’ अरे, पण कुठला? आणि त्याच्या तोंडात शब्द घालायची मला मुभा नाही.

दर तारखेला सिस्टरबाई मला विचारायच्या, “काय लिहिलं होतं गं नेमकं?” गल्लीतलं कुणी त्यांना सांगत नव्हतं. आणि तो व्हिडिओ वीसदा पाहिलेली मी काय म्हणायचे? “आक्षेपार्ह मजकूर हो, सिस्टरबाई.” स्वतःचीच लाज वाटायची.

त्याच्या साक्षीच्या दिवशी मी सिस्टरबाईंना बाहेर थांबायची विनवणी केली. “माझी साक्ष झाली की. आता बसून ऐकते,” म्हणून त्या मागच्या बाकावर बसल्या.

“भिंतीवर काय लिहिलं होतं?” मी विचारलं.

“घान.”

“शब्द सांगा.”

“लई वंगाळ हुतं.”

न्यायाधीशांनी दटावलं. तो मागच्या बाकाकडंच बघत होता. कित्येक महिन्यांची मेहनत या माणसाच्या सभ्यपणापायी पाण्यात जाणार म्हणून मी दात आवळले.

तेवढ्यात मागं सिस्टरबाई उठून उभ्या राहिल्या. “बोल रे. तुझ्या वेळी कळा देताना तुझ्या आईनं मला घातलेल्या शिव्या अजून ध्यानात आहेत माझ्या. त्यापुढं हे काय असणार!”

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी शांत राहायला सांगितलं. त्यानं मान खाली घातली आणि फरशीला सांगितल्यासारखं सांगितलं. आधी एक शिवी. मग, “हा देश तुमचा नाही. चालते व्हा, नाहीतर आतच जाळू.”

व्हिडिओतलाच शब्द न् शब्द. खरं तर मला उड्या माराव्याशा वाटायला हव्या होत्या. टंकलेखकाचे हात थांबले होते, म्हणून मीच ते वाक्य सावकाश, शिवीसकट, पुन्हा सांगितलं.

सिस्टरबाई अजून उभ्याच होत्या. त्यांनी आरोपींकडं पाहिलं नाही, न्यायाधीशांकडंही नाही.

“चालते व्हा म्हणजे कुठं?” त्यांनी विचारलं.

“हे रेकॉर्डवर घेऊ नका,” न्यायाधीश हळूच म्हणाले.

निकाल अजून यायचाय. भिंतीवरचं सगळं आता रेकॉर्डवर आहे. सिस्टरबाईंचा प्रश्न तेवढा नाही.