हसऱ्या सापाचं पान

एसटीच्या ड्रायव्हरकीतून रिटायर झालो आणि माझा रक्तदाब वाढला. सगळी हयात मुरबाडहून माळशेजच्या घाटात गाडी चढवली-उतरवली, तेव्हा तो कधी वाढला नाही. टोकावड्याच्या अलीकडे आमच्या गावात, स्वतःच्या ओट्यावर बसून वाढला. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा आणि राग कमी करा. मीठ बायकोने दुसऱ्याच दिवशी कमी केलं. राग तिच्या हातात नव्हता. कोंबडी ओट्यावर चढली तरी मी ओरडायचो, टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्यालाही उलट उत्तर द्यायचो.

आमची मुलगी कल्याणला नोकरी करते. गणपतीला आली तेव्हा तिने माझ्यासाठी चित्रं रंगवायचं पुस्तक आणि रंगीत पेन्सिलींचा डबा आणला. हे मोठ्या माणसांसाठीच असतं म्हणे. तिच्या ऑफिसातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत रंगवत बसतात आणि त्यांचं डोकं शांत होतं. मी उघडून पाहिलं. छत्री धरलेला हत्ती, कपात बसलेलं मांजर, वाढदिवसाची टोपी घातलेलं डुक्कर. जाड रेघा, गुबगुबीत गाल, सगळे हसतायत आणि सगळ्यांच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या, जेवण जास्त झाल्यासारख्या. मी म्हटलं, हे बालवाडीत नेऊन दे. बायको आतून म्हणाली, "ठेव गो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यापरीस हे बरं."

एका दुपारी लाइट गेली, टीव्ही बंद पडला, आणि कोणी बघत नाही असं बघून मी डुक्कर रंगवलं. दुसऱ्या दिवशी मांजर. रेघेच्या आत राहणं हे मला जन्मभर जमलेलं काम, त्यामुळे हात लगेच बसला. पेन्सिल एका दिशेने फिरायला लागली की डोक्यातली बडबड हळूहळू थांबायची. खरं सांगायचं तर मला ते फार आवडायला लागलं, आणि आवडतंय हे कबूल करायची लाजही वाटायची. पाहुणे आले की मी पुस्तक उशीखाली सरकवायचो. बायको मुद्दाम त्यांच्यादेखत विचारायची, आज कुठलं जनावर झालं म्हणून.

माझा हट्ट एकच होता. जे नीट पाहिलंय तेच रंगवायचं आणि खऱ्या रंगात. मुलगी फोनवर म्हणायची, बाबा, हत्ती जांभळा करा की, कोण विचारणार आहे? मी म्हणायचो, मी विचारणार आहे. म्हैस रंगवायची तर शेजाऱ्याच्या गोठ्यासमोर स्टूल टाकून बसायचो. पेंग्विन कधी पाहिला नव्हता, म्हणून ते पान कोरंच राहिलं.

त्याच्या पुढच्या पानावर साप होता. फुलाभोवती वेटोळं घालून बसलेला, गालावर खळी, डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर हसू. बायकोला ते पान अजिबात खपलं नाही. आमच्याकडे दिवेलागणीनंतर त्याचं नाव घेत नाहीत, फार तर लांबडं म्हणतात. तिने कपडे वाळत घालायचा चिमटा लावून ते पान बंद करून टाकलं. मीही ते सोडून दिलं. साप आयुष्यात पुष्कळ दिसले, पण गाडीखालून सरकताना नाहीतर कोणाच्या काठीवर लोंबताना. त्यातल्या त्यात नीट बघितलेला एकच, तो म्हणजे आमच्या घरातला कवड्या.

कवड्या आमच्याकडे भाडेकरूसारखा राहायचा. जुन्या मातीच्या भिंतीत, ट्यूबलाइटच्या मागे. चॉकलेटी अंग, मानेपाशी पिवळट पांढरे पट्टे. पाली खायचा, कोणाच्या वाटेला जायचा नाही. त्याला विष नसतं हे इथे लहान पोरालाही माहीत असतं. भिंतींना सिमेंटचा गिलावा केला तेव्हापासून तो दिसेनासा झाला. बायको अधूनमधून त्याची आठवण काढायची.

भात कापून झालं. मागच्या पडवीत भाऱ्यांची रास लागली आणि दरवर्षीसारखे उंदीर आले. आढ्यावर नुसता धिंगाणा. मग एका आठवड्यात तो धिंगाणा कमी कमी होत बंदच झाला. बायको खूश झाली, म्हणाली आपल्या मांजरीने काम केलं. पण मांजर मागच्या पडवीत पाऊल टाकत नव्हती. दूध तिकडे ठेवलं तर उंबऱ्याशी थांबायची, आत बघत राहायची आणि उपाशी परत फिरायची. मला ते बरं वाटलं नाही. पण मांजरीच्या वागण्यावरून काय बोलणार?

त्या दिवसांत ऊन असं होतं की संध्याकाळीसुद्धा पत्रा तापलेला. बायको खाट सोडून मधल्या खोलीत जमिनीवर चटई टाकून झोपायला लागली होती. लादी गार लागते, पाठ मोकळी होते, असं तिचं म्हणणं.

एका तिन्हीसांजेला ती चुलीसाठी लाकडं काढायला मागे गेली आणि तिने मला हळूच हाक मारली. मी बॅटरी घेऊन गेलो. लाकडांच्या कडेला तो पडला होता, हलत नव्हता. मी काठी उचलली. तिने माझा हात धरला.

"मारू नका. कवड्या हाय तो, आपला. परत आला."

मला तसंच वाटलं. काळपट अंग, पांढरे पट्टे, बारीक डोकं. उजेड अंगावर असूनही तो पळाला नाही. एवढा वेळ, एवढ्या जवळून मी साप कधी बघितला नव्हता. शेपटीपासून डोक्यापर्यंत मी त्याला नजरेत भरून घेतलं, चिमटा लावलेलं पान मनात ठेवूनच. मग तो सावकाश वळला आणि तांदळाच्या पिंपामागे गेला. बायकोने तिथे दूर उभं राहून हात जोडले.

सकाळी तिला उठायला उशीर झाला. पोटात कळा येतायत म्हणाली. आदल्या दिवशी शेजारी बारसं होतं, तिथलं तळण बाधलं असणार असं दोघांनीही ठरवलं. तिने ओवा चावला, गरम पाणी प्यायली आणि पुन्हा चटईवर आडवी झाली. चहा मीच केला आणि चहा करावा लागला म्हणून थोडा चिडलोही. मग ओट्यावर बसलो, चिमटा काढला आणि सापाचं पान उघडलं.

काळी पेन्सिल घेतली, कारण तो काळा होता. नुसता काळा नाही, निळसर चमक असलेला. काळ्यावर थोडी निळी फिरवली तेव्हा बरोबर रंग आला. पट्टे मी कोरे सोडत गेलो. बारीक पांढरे पट्टे, दोन-दोन जवळ. शेपटीकडे दाट होते, पुढे विरळ होत गेले, आणि मानेपाशी तर नव्हतेच. तिथे मी सगळं काळं भरलं. चित्र झालं तसं हातभर लांब धरून बघितलं. झकास झालं होतं. असाच होता तो, अगदी हुबेहूब.

पण आमचा कवड्या असा नव्हता. त्याचे पट्टे मानेपासून सुरू व्हायचे आणि शेपटीकडे पुसट व्हायचे. तो चॉकलेटी होता. मला वाटलं, मीच चुकलो, उलटं रंगवलं. खोडरबरसुद्धा हातात घेतला. मानेजवळ लावला आणि तिथेच थांबलो. मी चुकलो नव्हतो. पाहिलं तेच रंगवलं होतं. चुकलं होतं ते आम्ही त्याला दिलेलं नाव.

इकडे सगळ्यांना माहीत असतं की मण्यार झोपलेल्या माणसाला चावते आणि चावलेलं कळत नाही. दुखत नाही, सुजत नाही. सकाळी पोट दुखतं.

मी आत गेलो. ती उताणी पडली होती आणि मंद हसल्यासारखी दिसत होती, कारण तोंड नीट मिटत नव्हतं. पापण्या अर्ध्या खाली आलेल्या. पुस्तकातल्या मांजरीच्या, डुकराच्या, हत्तीच्या असतात तशा.

"डोळे उघड गो," मी म्हटलं.

"उघडेच हायत ना," ती जड जिभेने म्हणाली.

शेजाऱ्याची पिकअप दारात उभी होती, चावी गाडीलाच लावलेली असते. माझं ब्लडप्रेशर, माझं रिटायर होणं, सगळं विसरून मी ती रस्त्यावर घातली. शेजारीण मागे बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसली. ज्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा मला पाठ होता तो रस्ता त्या दिवशी संपेना. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी अंगभर शोधलं, दाताची खूण कुठेच नव्हती. मी रंगवलेलं पान पुढे केलं. त्यांनी त्याच्याकडे एकदा बघितलं, मग बायकोच्या पापण्यांकडे बघितलं आणि नर्सला इंजेक्शनं काढायला सांगितली. तिला श्वास लागायला सुरुवात झाली होती. पुढे मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल म्हणाल्या.

ॲम्ब्युलन्समध्ये एक मुलगा तिच्या तोंडावरच्या मास्कला जोडलेला रबरी फुगा दाबत होता. फुगा दाबला की तिची छाती वर यायची, सोडला की खाली जायची. ती स्वतःहून काहीच करत नव्हती. डोळे मिटलेले, हात उचलला तर पडायचा. शेजारीण पदर तोंडात धरून म्हणाली, गेली गो बाय. मी पुढे ड्रायव्हरच्या बाजूला बसलो होतो, आयुष्यात पहिल्यांदा. माझे पाय क्लच आणि ब्रेक शोधत होते. काही सुचेना म्हणून मी त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला शिव्या घालत राहिलो. गिअर टाक, खड्डा बघ, तुला लायसन दिलं कोणी.

ती वाचली. मशीनवर किती दिवस होती ते मोजायची हिंमत मला झाली नाही. आधी एक बोट हललं, मग भुवई, सगळ्यात शेवटी पापण्या. घरी आल्यावर भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणाला, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. मी मान डोलवायचो. आणि मनात म्हणायचो, वेळ कुठे गेलीय, ती पिंपामागे आहे.

कारण साप सापडला नाही. साप पकडणारा एक पोरगा आला, त्याने लाकडं, भारे, पिंप सगळं हलवलं. मिळाली ती नुसती कात. कोरी, पारदर्शक, न रंगवलेल्या पानासारखी. पाठीवरचे मोठे खवले दाखवून तो म्हणाला, तीच आहे, मण्यार. ती आता गेली असेल. ह्या 'असेल'चा मला इतका राग आला की मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. आता आम्ही दोघंही खाटेवर झोपतो, मच्छरदाणी गादीखाली खोचून. मांजर मागच्या पडवीत अजून जात नाही.

बऱ्याच दिवसांनी तांदूळ निवडताना बायको म्हणाली की त्या दिवशी ॲम्ब्युलन्समध्ये तिला सगळं ऐकू येत होतं. शेजारीण गेली म्हणाली तेही. आतून ती ओरडत होती, हाय मी, हाय मी, पण ओठ हलत नव्हते.

"मंग तुमी त्या डायवरला शिव्या देताना आयकलं," ती म्हणाली. "तवा कळलं, हा अजून चिडतोय, म्हंजे मी हाय."

ते पान तिने मागून घेतलं आणि पहिल्यांदा नीट बघितलं. काळं निळसर अंग, पांढरे पट्टे, गालावर खळी. "हा तर हसतोय," एवढंच म्हणाली आणि परत दिलं. मी ते फाडलं नाही. चिमटा लावून ठेवलंय.

रंगवणं मी सोडलेलं नाही. मुलीने दुसरं पुस्तक आणून दिलंय, त्यातही सगळी जनावरं पेंगुळलेली आहेत. मी आधी काळ्या पेन्सिलीने त्यांचे डोळे पूर्ण उघडून घेतो, मग रंगाला हात लावतो. मुलगी म्हणते, बाबा, सगळे दचकल्यासारखे दिसतात. दिसू देत.

दुपारी मी ओट्यावर रंगवत असतो आणि ती आत खाटेवर पडलेली असते. पेन्सिलीचा आवाज सोडला तर घरात काही वाजत नाही, उंदीरसुद्धा नाहीत. मध्येच माझा हात थांबतो. मी हाक मारतो.

"हाय मी," ती डोळे न उघडता म्हणते.

"डोळे उघड."

ती उघडते, माझ्याकडे बघते. मग मी रंगवायला लागतो.