पटावर घातलेला मांडव

आमच्याकडच्या माणसांना कुठलीही गोष्ट साधेपणानं संपवता येत नाही. दुकान उघडलं तरी मांडव, माणूस गेला तरी मांडव, आणि घोड्यांच्या शर्यतीचा पट बंद व्हायचा होता, तर त्यालाही मांडव. तो कुठं घालायचा याचा विचार मात्र कोणी करायचा नाही. घातला तो बरोब्बर पटावर, जिथं घोडे येऊन पोचतात तिथं. का, तर तिथं लिंबाची सावली आहे आणि पाहुण्यांना ऊन लागायला नको. म्हणजे शेवटच्या शर्यतीला सगळं होतं, हार होते, शाली होत्या, माइक होता, फक्त पळायला जागा नव्हती.

पट म्हणजे चिकलठाण्याच्या पुढं, जालना रोड सोडून आत वळलं की लागणारी एक लांब, पडीक पट्टी. एका टोकाला बाभूळ, दुसऱ्या टोकाला लिंब. बाभळीपासून सुटायचं आणि लिंबाला पोचायचं, एवढाच खेळ. ना कठडा, ना तिकीट, ना बसायला पायरी. रब्बीची सुगी उरकली की आसपासच्या गावांतून घोडे यायचे. कोणाचा पूर्वी टांग्याला जुंपलेला, कोणाचा हौसेनं पाळलेला, आणि एखादा लग्नात नवरदेव मिरवणारा पांढरा, जो दर वर्षी मोठ्या ऐटीत यायचा आणि हमखास सगळ्यांच्या मागं राहायचा. मध्येच डोक्यावरून विमान उतरायचं. घोडे बिचकायचे आणि माणसं विमानाला शिव्या घालायची, जसं काही विमानतळ यांची परवानगी घेऊन बांधायचा होता. धुळीनं माझे केस पांढरे व्हायचे आणि घरी आल्यावर आईची बोलणी मला खावी लागायची. तरी मला वर्षातला तोच दिवस सगळ्यात आवडायचा, दिवाळीपेक्षाही.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, एका कंपनीत मशीनवर होते आणि मुकुंदवाडीतल्या घराच्या दारात घोडी बाळगून होते. कंपनीतले बाकीचे लोक पगारातून स्कूटर घ्यायचे, टीव्ही घ्यायचे. आमच्याकडं घोडीसाठी हरभरा यायचा. आई म्हणायची, "या घरात सून म्हणून घोडीला आणलंय, मी आपली तिची मोलकरीण." दादांवर याचा काडीचा परिणाम नव्हता. एक घोडी गेली की वर्षभरात दुसरी दारात उभी. पहाटे घोडीला खरारा करताना ते जेवढं बोलायचे, तेवढं आमच्याशी महिन्याभरात बोलत नसतील. मला याचा राग यायचा, अजूनही येतो, आणि घोडीचा घास कापून आणायचं काम शेवटपर्यंत माझ्याच गळ्यात पडलं.

पटावर दोन रीती होत्या. पहिली सुटण्याची. फार पूर्वी म्हणे झेंडा दाखवून घोडे सोडायचे, पण झेंडेवाला कोणाचा तरी मेहुणा नाहीतर साडू निघायचा आणि डोकी फुटायची. म्हणून झेंडा गेला आणि हलगी आली. हलगी वाजत असते तोवर घोडे बाभळीपाशी उभे. हलगी थांबली की सुटायचं. वाजायला लागल्यावर नाही, थांबल्यावर. आमच्या घोड्यांच्या अंगात हे इतकं भिनलेलं होतं, की गल्लीत वरात आली की दादा घोडीचे दोर दुप्पट करायचे. तरी एकदा शेजारच्या लग्नात हलगीवाले पाणी प्यायला थांबले आणि आमची घोडी खुंटा उपटून थेट पाण्याच्या टँकरपर्यंत गेली. नवरदेव भिंतीला चिकटून उभा राहिला. दादांनी वरातीची माफी मागायची सोडून शेजाऱ्यांना विचारलं, "कशी सुटली, बगितलं का?"

दुसरी रीत बादलीची. जिंकलेल्या घोड्याला पाणी पाजायचं ते हरलेल्या मालकानं. आणि घोड्यानं मान खाली घालायची नाही. जिंकलेला घोडा कोणापुढं वाकत नसतो, म्हणून भरलेली बादली हरलेल्यानं त्याच्या तोंडापर्यंत उचलून धरायची, त्याचं पिऊन होईपर्यंत. घोडा काही घाई करत नाही. ज्यांच्या रानात हा पट होता, त्यांना मी काका म्हणते. ते दादांचे जिवलग आणि वैरीही. एका साली बादली त्यांच्या हातात, तर पुढल्या साली आमच्या. मी लहान होते, तेव्हाची एक गोष्ट डोळ्यांपुढून जात नाही. काकांचा काळा घोडा जिंकला होता आणि दादा बादली धरून उभे होते. पाणी सदऱ्यावर सांडत होतं, आणि काका कमरेवर हात ठेवून सगळ्यांदेखत म्हणत होते, "वर धर. आजून वर." मी रडायलाच लागले. दादा मात्र घरी येताना हसत होते. म्हणाले, "त्याचा हक्कच हाय की. पुढल्या साली माझा."

तर त्या काकांनी पट विकला. त्यांचा घोडा केव्हाच गेला होता, मुलं शहरात फ्लॅट घेऊन राहिलेली, रान पडीक. आता तिथं बंगल्यांचे प्लॉट पडणार. बाभळीला फ्लेक्सही लागला, त्यावर हिरवळ, कारंजं आणि गोरी गोरी माणसं. असली माणसं चिकलठाण्यात मी तरी कधी पाहिलेली नाहीत. काकांनी विकू नये असं म्हणायचा आम्हाला काय अधिकार? दादा तसं म्हणालेही नाहीत. त्यांनी फक्त काकांशी बोलणं बंद केलं. फोन आला की मोबाईल माझ्या हातात द्यायचे, "सांग, झोपलेत." शेजारी टक्क जागे बसून.

घोडीचाही प्रश्न होताच. दादांचे गुडघे गेलेले, माझी शाळेतली नोकरी, वर घास कापायचा तो मी. अजिंठ्याकडं आमच्या एका नातेवाइकांचं शेत आहे, तिथं घोडीला पाठवू या, असं मी वर्षभर सांगत होते. दादा ऐकूनच घेत नव्हते. पट बंद होणार हे पक्कं झालं तेव्हा एका सकाळी स्वतःहून म्हणाले, "एक डाव तिला पटावर पळताना बगू दे. मग ने तिला कुठं न्यायचं तिथं." दादांनी माझ्याकडं कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. एवढंच मागितलं. म्हणून मी शर्यती भरवणाऱ्या समितीच्या मागं लागले, घोडीवर बसणाऱ्या माझ्या भाच्याला रजा काढायला लावली, घोडीला टेम्पोत चढवलं. आणि येऊन बघते, तर पटावर मांडव.

समितीचे अध्यक्ष माइक तपासत होते. सूत्रसंचालनही त्यांच्याकडंच होतं, दुसऱ्या कोणाच्या हाती माइक द्यायची त्यांची तयारी नव्हती. मी म्हटलं, "अहो, हा मांडव पटावर घातलाय तुम्ही."

"ताई, टेन्शन नका घेऊ. सत्कार झाले की खुर्च्या उचलल्या, पट मोकळा."

"आधी शर्यत घ्या ना. मग करा काय सत्कार करायचे ते."

"आधी शर्यत घेतली तर भाषणाला कोण थांबल?" ते म्हणाले. एवढं कळत होतं त्यांना. मग भाषणं कशाला, हे मात्र कळत नव्हतं.

लिंबाखाली स्टेज. त्याच्यापुढं, जिथं वर्षानुवर्षं चुन्याची रेघ मारली जायची तिथून खुर्च्या. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, मधून पाहुण्यांसाठी लाल गालिचा, आणि मागं पाहुण्यांच्या फोटोंची कमान. सगळ्यांची पाठ पटाकडं. दादांना ज्येष्ठ म्हणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्यांनी खुर्ची उचलली आणि स्टेजकडं पाठ करून, पटाकडं तोंड करून बसले. अध्यक्षांनी येऊन ती सरळ केली. दादांनी पुन्हा फिरवली. अध्यक्ष माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "मी काय करू? मला तरी कुठं ऐकतात?" खरं सांगायचं तर त्या दिवशी दादांचा हट्ट मला पहिल्यांदाच आवडला.

सत्कार सुरू झाले ते संपेनात. पटासाठी झटलेल्यांचा, पटाला पाणी पुरवलेल्यांचा, पट ज्यांनी कधी पाहिलाही नाही अशांचा. काकांचा सत्कार झाला, "इतकी वर्षं जागा वापरू दिल्याबद्दल". काका शाल घेऊन मान खाली घालून बसून राहिले. बाकीचे घोडेवाले वैतागून गेले. टेम्पोवाले खोळंबलेले, ऊन कलायला लागलेलं. एकेक करत सगळे घोडे परत गेले. नवरदेवाचा पांढरासुद्धा गेला, त्याला संध्याकाळची वरात होती. बाभळीपाशी आमची घोडी तेवढी राहिली, तिचा लगाम धरून माझा भाचा, आणि मी. एवढ्यात माइकवरून भाच्याचं नाव पुकारलं. उत्कृष्ट स्वार म्हणून सत्कार.

"आत्या, धर जरा. शाल घेऊन आलोच," असं म्हणून तो पळालाही.

मी घोडीला धरून उभी राहिले आणि मनातल्या मनात एकेकाचा उद्धार करत होते. तेवढ्यात प्लॉट पाडणाऱ्या साहेबांची गाडी आली. प्रमुख पाहुणे तेच होते, आणि यायचे ते आत्ता आले. त्यांच्या स्वागताला कमानीपाशी हलगी कडाडली.

घोडीचे कान उभे राहिले. ती वळून सरळ उभी राहिली, बाभळीच्या बरोब्बर शेजारी, तोंड लिंबाकडं. मी एका हातानं लगाम आवळला आणि दुसऱ्या हातानं अध्यक्षांना फोन लावला. हलगी थांबवू नका, एवढंच सांगायचं होतं. स्टेजवर त्यांनी खिशातून फोन काढलेला मला लांबून दिसला. त्यांनी तो कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट. मग दोन शब्द बोलायला त्यांनी हात वर केला आणि हलगी थांबली.

लगाम माझ्या हातातून गेला तो तळहाताची सालटी घेऊनच. मी "सरका, सरका" म्हणून ओरडत मागं धावले, पण माझा आवाज कितीसा पोचणार. आयुष्यभर मी घोड्यांना लिंबापाशी उभं राहून, समोरून येताना पाहिलं होतं. पाठमोरं पळताना पहिल्यांदाच पाहिलं. वर कोणी नाही, शेजारी कोणी नाही, शेपटी मोकळी, आणि पट सगळा तिचा. ती वाकडी गेली नाही, बिचकली नाही. टापा ऐकून माणसं खुर्च्यांवरून उठून दोन्ही बाजूंना झाली. ती पाहुण्यांच्या कमानीतून आत शिरली आणि लाल गालिच्यावरून थेट लिंबाकडं गेली. वाटेत धक्का लागला तो एका रिकाम्या खुर्चीला आणि प्रमुख पाहुण्यांच्या हाराला. हार त्यांनी स्वतःच घाबरून टाकला होता. मी पळत होते, धापा टाकत होते, शिव्या देत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतकं सुंदर काही मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

मी मांडवात पोचले तेव्हा घोडी रेघेच्या जागी उभी होती, घामानं भिजलेली. रेघ गालिच्याखाली होती, पण तिला ती माहीत होती. दादा उठून उभे होते. खुर्च्यांवरच्या सगळ्यांत तिला सुटल्यापासून समोरून येताना पाहिलं ते फक्त त्यांनी. खिशातला गुळाचा खडा काढून ते तिला चारत होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "बगितलंस? सरळ आली."

माइक पुन्हा सुरू झाला. "कृपया घोडी बाजूला घ्यावी, प्रमुख पाहुण्यांचा सत्कार व्हायचा आहे."

कोणी हललं नाही. हलले ते काका. ते स्टेजवरून सावकाश उतरले, शाल अंगावर तशीच. मांडवाच्या कडेला पिण्याच्या पाण्याचं पिंप होतं, तिथली बादली त्यांनी भरली आणि दोन्ही हातांनी उचलून घोडीपुढं आणली. इतक्या महिन्यांत दोघं पहिल्यांदाच समोरासमोर आले होते. मला वाटलं, आता दादा तोंड फिरवणार.

दादा म्हणाले, "एकटीच पळाली ती. शर्यत नव्हती. तू कामून पाजायलास?"

"हारलेल्यानं पाजायचं आसतं ना," काका म्हणाले. "मग मीच की."

वर्षभर मी या माणसावर चडफडत होते, आणि आता त्यांच्या हातातली ती हिंदकळणारी बादली मला बघवेना. धरायला मी पुढं झाले, तर दादांनी मला हातानं अडवलं. घोडीनं मान खाली घालायला सुरुवात केली होती. दादांनी तिची हनुवटी तळव्यावर घेतली आणि वर उचलली.

"वर धर," ते काकांना म्हणाले. "आजून वर."

काकांनी बादली छातीपर्यंत उचलली. पाणी त्यांच्या नव्या शालीवर सांडत होतं. घोडी पीत राहिली, आणि तिनं काही घाई केली नाही.