शेवंतीच्या जेवणाची वेळ

"हळू बोल गा भाऊ, ती ऐकून राहिली."

असं म्हणून काकू ओठांवर बोट ठेवायच्या आणि हनुवटीनं तबेल्याकडे खूण करायच्या. आता माझा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. मी नागपूरच्या या टोकाला, बेसात, बायकोकडे चहा मागितला, तर तिकडे दुसऱ्या टोकाला, जरीपटक्यात, कुणीतरी गॅस पेटवतो. अशा माणसाला, घोडीचं मन दुखेल म्हणून कुजबुजायला लावणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली.

त्यांचं नाव सांगत नाही. आमच्या अख्ख्या लेआउटच्या, म्हणजे कॉलनीच्या, त्या काकू, आणि त्यांचे मालक ते काका. काकांची घोडी शेवंती लग्नात नवरदेवाला मिरवायची. पांढरी, उंच, आणि चेहऱ्यावर भाव असा की जणू तिलाच नवरा पसंत करायचा आहे. बेसात नुसती शेतं होती तेव्हापासून त्यांचा तबेला तिथे. आम्ही प्लॉट घेऊन मागाहून आलो. कुंपणापलीकडे घोडी असणं म्हणजे काय, हे कुठल्याच बिल्डरनं आम्हाला सांगितलं नव्हतं.

मी सांगतो. माश्या इतक्या, की त्यांना बाजूला सारून भिंतीचा रंग पाहावा लागे. समोरच्या साहेबांची गाडी मागे घेताना सनईसारखी वाजायची. साहेब गाडी काढायचे आणि शेवंती मागच्या दोन पायांवर नाचायची. साहेब ऑफिसला उशिरा पोहोचायचे, कारण नाच संपेपर्यंत गेटसमोरून तिला कोण हलवणार? मे महिन्यात तर तिनं कहर केला. आमच्या खिडकीतल्या कूलरच्या टाकीत तोंड घालून ती सगळं पाणी प्यायली, आणि वर तोंडी लावायला कूलरची वाळ्याची ताटी खाल्ली. नागपूरच्या उन्हात माणसाचा कूलर खाणं हा खुनाचाच प्रकार आहे, हे तुम्हाला पटेल.

पण थंडीतल्या सकाळी ती कुंपणावरून मान काढून मानेवर गरम श्वास सोडायची, तेव्हा वाटायचं, जाऊ दे, आणखी एक ताटी आणू. तिच्या लिदीवर बायकोचे गुलाब असे पोसले, की एका पाहुणीनं कोबी समजून भाजीला मागितला.

मग एका हिवाळ्यात काका गेले. बिडीनं पोखरलेली छाती, दुसरं काय. काकांचा खोकला नेहमी काकांच्या दहा पावलं पुढे चालायचा. तो ऐकला की शेवंती दारात येऊन उभी राहायची. काका गेल्यावर तिनं चारा सोडला. गुरांचा डॉक्टर आला, जीभ पाहिली, पोट ठोकलं, म्हणाला, काही नाही झालेलं. काकू म्हणाल्या, "डॉक्टरले काय समजते गा. ते आल्याशिवाय नाही खात ती."

दिवसेंदिवस घोडीच्या फासळ्या दिसू लागल्या. आणि एका संध्याकाळी, दिवेलागणीला, मी अंगणात उभा असताना मला काकांचा खोकला ऐकू आला.

मी थापा मारतो, हे मान्य. पण हे ऐका. अंगावर तपकिरी गरम कोट, मान किंचित खाली, हातात घमेलं. काका तबेल्याकडे चालले होते. आतून आवाज आला, "खाय वं माय, खाय." आणि मग चारा चावल्याचा आवाज. मी चपला तिथेच सोडून घरात पळालो. माझ्या आधी आमचा कुत्रा पोहोचला होता.

दुसऱ्या दिवशी कळलं, त्या काकू होत्या. नवऱ्याचा कोट घालून, नवऱ्यासारख्या खोकत.

घोडी जगली. पण काकूंनी कोट काही सोडला नाही. हिवाळा गेला, उन्हाळा आला, डांबर वितळू लागलं, तरी रोज दिवेलागणीला तो गरम कोट निघायचा. लेआउटमध्ये नवे भाडेकरू येत. त्यांच्यातला एक मला विचारत आला, "भाऊ, ते म्हातारे कोण?" मी म्हटलं, "ते? ते तर वारले. येतात रोज." बिचाऱ्याला ताप भरला. त्याच्या बायकोनं काकूंच्या गेटला लिंबू-मिरच्या बांधल्या. शेवंतीनं आधी लिंबू खाल्लं, मग मिरच्या.

तुमच्या लक्षात आलं असेल. ही घोडी आता लिंबू खात होती, लोकांची वाळत घातलेली मेथी खात होती, परत माझा कूलर खात होती. आणि काकूंच्या मते ती काकांशिवाय तोंडही उघडत नव्हती.

काकूंची लेक धरमपेठला राहते. एकदा ती न कळवता संध्याकाळी आली. कुंपणापलीकडून मला सगळं दिसत होतं. तिनं गेट उघडलं, आणि समोर पाठमोरा कोट. खोकला. "बाबा!" असं ती जे ओरडली, ते मला अजून ऐकू येतं. मग ती होती तिथेच मातीत बसली.

काकू वळल्या. लेकीनं आईचं तोंड पाहिलं आणि तिच्या रडण्याचा राग झाला.

"आई, काहून करून राहिली वं हे? लोक भूत म्हणतात तुले!"

"म्हणू दे. घोडी खात नाही मंग."

"चल माह्यासोबत घरी. आत्ताच."

"अन् हिले कोन चारन?"

मला राहवलं नाही. कुंपणावरून म्हणालो, "काकू, आज दुपारीच तिनं माझी—"

"हळू बोल गा भाऊ," काकू ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या. "ऐकून राहिली."

मी तबेल्यात पाहिलं. तबेला रिकामा होता. शेवंती माझ्या मागे होती, कूलरच्या टाकीत मान घालून. काकूंची हनुवटी मात्र त्या रिकाम्या अंधाराकडेच वळलेली. आणि खरं सांगतो, मी आवाज खाली आणला. लेकीनंही.

लेक एकटीच परत गेली. जाताना मला म्हणाली, "भाऊ, घोडी आहे तोवर आई आहे. नंतर काय करू मी?" मला उत्तर आलं नाही असे प्रसंग माझ्या बायकोनं दोनच पाहिलेत. दुसरा आमच्या लग्नातला.

पुढच्या दिवाळीनंतर शेवंती एका सकाळी उठलीच नाही. म्हातारी झाली होती. लेआउटच्या नालीचं काम चालू होतं, त्या जेसीबीवाल्यानं मागच्या पडीक जागेत खड्डा खणून दिला. तो एरवी शिव्यांशिवाय गिअर टाकत नसे, त्या दिवशी टोपी काढून उभा होता. काकू रडल्या नाहीत. घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडल्या, आणि त्यांनी जेवण सोडलं.

माणूस गेल्यावर शेजारी जेवण आणतात, तसं सगळ्यांनी आणलं. तो ताप भरलेला भाडेकरूसुद्धा खिचडी घेऊन आला. पिठलं, वरण-भात, भाकरी, सगळं जसंच्या तसं परत. लेक येऊन राहिली होती. तिनं समजावलं, रागावली, पाया पडली. काकू एकच म्हणायच्या, "नाही जात वं. घशाच्या खाली नाही उतरत." डॉक्टर आला, नाडी पाहिली, म्हणाला, काही नाही झालेलं, पण असंच चाललं तर दवाखान्यात न्यावं लागेल.

त्या संध्याकाळी बायकोनं डबा दिला म्हणून मी गेलो. दार लोटलेलं होतं. हाक मारणार, तेवढ्यात आतून खोकला आला.

आत लेक उभी होती. अंगात बापाचा कोट, खांद्यावर ढगळ, बाह्या बोटांपर्यंत. काकू हळूच भिंतीकडून वळल्या. मला वाटलं, आता ही बाई किंचाळते की काय.

"असा नव्हता वं त्यायचा," काकू म्हणाल्या.

लेकीचे डोळे वाहत होते. "मंग कसा होता?"

काकू कोपरावर टेकून उठल्या आणि खोकून दाखवलं. बारका, बारका, मग छाती हलवणारा मोठा. लेक तशी खोकली.

"जास्त झाला. आणखीन एकदा."

लेक परत खोकली. काकूंनी डोळे मिटून ऐकलं. "हं," म्हणाल्या, "आता हाय."

बाजेजवळच्या ताटातला भाकरीचा तुकडा लेकीनं उचलला. घोड्याला चारताना हात पसरट ठेवतात, बोटं एकदम सरळ, म्हणजे दात लागत नाहीत. घोडीच्या घरात वाढलेली पोर. तिच्या हातानं विचार न करता तेच केलं. तळवा पसरून आईसमोर धरला.

"खाय वं माय," ती म्हणाली, "खाय."

आणि काकूंनी हात न लावता, मान पुढे काढून, तिच्या तळव्यावरून तो तुकडा ओठांनी उचलला.