बंद झाल्याचं सांगायला

२ एप्रिल १९७८, रविवार. मी गच्चीवर कुरड्या घालत होते. दुपारी आमचे वरच्या खोलीतले भाडेकरू कुहीकडच्या खेड्यातून परतले. सरकारच्या युवक योजनेतून ते दर रविवारी कॉलेजची पोरं घेऊन तिथल्या बायकांना लिहायला शिकवायला जात. सकाळी पोरांच्या सायकलींनी आमचं अंगण भरायचं आणि मी करवादायची. मार्चअखेर योजना बंद झाली, पोरं पांगली. "न सांगता बंद करनं बरं नाही," म्हणून ते एकटेच निरोप द्यायला गेले होते.

माणूस तसा खणखणीत. नळाला पाणी आलं तरी अख्ख्या गल्लीला दोनदा ओरडून सांगायचे.

"सांगितलं का?" मी विचारलं.

"नाही ना जी ताई. बाया पाट्या पुसून बसल्या होत्या. एक म्हातारी म्हने, माह्यं नाव झालं, आता नातीचं शिकव ना गा. शिकवून आलो."

"आणि पुढच्या रविवारी?"

"येतो म्हटलं."

"धन्य आहे तुमची! आता मीच सांगून येते त्यांना."

ते उन्हात उभे राहून कुरड्यांवरच्या चिमण्या हाकलू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच मी खडूचा डबा आणला आणि रविवारची एसटी किती वाजता सुटते ते विचारायला त्यांचं दार वाजवलं.